मालधक्क्यावरून दिसलेली बार्शी लाइट

(नभोवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

लातूरकडच्या माझ्या वयाच्या कुणासमोरही ‘बार्शी लाइट’ एवढे दोन शब्द उच्चारा. तो आधी हसतो आणि मग गोष्टी सांगायला लागतो. गाडी इतकी हळू चालायची, की चढावर पोरं खाली उतरत, शेतातला हरभरा उपटत आणि पळत जाऊन पुन्हा डब्यात बसत. डोक्यावर पाटी घेऊन रुळाच्या कडेनं निघालेल्या म्हातारीला गार्डनं विचारलं, ‘मावशी, येतीस का गाडीत?’ म्हातारी म्हणाली, ‘नको रं बाबा, मला बाजाराची घाई हाय.’ ही गोष्ट मी बार्शीत ऐकली, ढोकीत ऐकली, मुरुडात ऐकली. प्रत्येक गावात म्हातारी त्याच गावची असते!

मीही या गोष्टी पुष्कळ वर्षं सांगत आलो. कविसंमेलनाला जाताना गाडीत सोबतचे कवी कंटाळले, की हा विषय हमखास चालायचा. पण आमच्या घरात या गाडीची आठवण निराळी होती. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, लातूरच्या मालधक्क्यावर हमाल होते. अब्बा गंजातल्या एका हुंडेकऱ्याच्या पेढीवर बिल्ट्या लिहायचे. हुंडेकरी म्हणजे व्यापाऱ्याचा माल रेल्वेत चढवून देणारा आणि त्याची पावती आणून देणारा मध्यस्थ. नव्या पिढीला हा शब्द आता फक्त आडनाव म्हणून माहीत आहे.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. अंगणात भावंडांसमोर त्या गाडीची नक्कल करत होतो. धापा टाकत, थांबत, शिट्टी मारत. सगळे हसत होते. बाजेवर बसलेले दादा मात्र हसले नाहीत. आमच्या दखनीत म्हणाले, ‘तुमे बैठनेवाले लोगां हैं बाबा. हमना गाडी याद नईं, वजन याद है.’ तुम्ही बसणारी माणसं, आम्हाला गाडी नाही आठवत, वजन आठवतं.

हे वाक्य कळायला मला बरीच वर्षं लागली. आज या गाडीविषयी सांगताना मला वाटतं, तिची गोष्ट आपण नेहमी डब्याच्या खिडकीतून सांगतो. ती मालधक्क्यावरून सांगायला हवी. कारण ही गाडी मुळात जन्मली ती मालासाठी.

थोडं मागं जाऊ. मुंबईहून निघालेली ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीची मोठी लाइन १८६० साली सोलापूरपर्यंत पोचली. वाटेत ती कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शी वीस-बावीस मैल बाजूला राहिली. बार्शी तेव्हाही कापसाची, गळिताची मोठी पेठ. ‘बार्शी तिथं सरशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. पण पेठेतला माल आगगाडीपर्यंत न्यायचा तर बैलगाड्याच. बार्शीच्या पलीकडे बालाघाटाचा डोंगर, डोंगराच्या माथ्यावर आमचा मुलूख. तिकडून कापूस आणि धान्य गाड्यांवर नाहीतर बैलांच्या पाठीवर लादून खाली यायचं. लमाणांचे तांडे शेकडो वर्षं हेच काम करत होते. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटा बंद झाल्या, की माल जिथल्या तिथं.

त्याच कंपनीत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या मनात इथं स्वस्तातली छोटी लाइन टाकायचं आलं. मोठी लाइन साडेपाच फूट रुंदीची. ती टाकायची तर भराव मोठे, पूल मोठे, खर्च मोठा. एवढा खर्च भरून येईल इतका माल नाही, आणि नाही म्हणावं तर इतका कमीही नाही. कॅलथ्रॉपनं अडीच फुटांची लाइन निवडली. पण त्याची खरी हुशारी रुंदीत नव्हती, वजनाच्या वाटणीत होती. बैलगाडीला असतो तसा प्रत्येक डब्याला आख असतो. त्यानं ठरवलं, इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आखावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग रूळ हलके चालतील, पूल हलके चालतील. इंजिन जड करायचं तर त्याला चाकं जास्त लावा. वाघिणी दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या, लांब आणि हलक्या करा, म्हणजे डब्याचं स्वतःचं वजन कमी आणि आतला माल जास्त. चार आखांची वाघीण म्हणजे मालासकट वीस टन. अडीच फुटांच्या लाइनसाठी हे फार होतं.

इंग्लंडात लीड्स शहराजवळ तात्पुरते रूळ टाकून त्यानं ही गाडी तज्ज्ञांना चालवून दाखवली. १८९५ मध्ये लंडनला ‘बार्शी लाइट रेल्वे’ कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. कुर्डुवाडी स्टेशनचं नाव तेव्हा ‘बार्शी रोड’ होतं. हा कॅलथ्रॉप मोठा खटपट्या माणूस. पुढं त्यानं विमानातून उडी मारण्याची हवाई छत्री तयार केली. भार कमी कसा करावा आणि माणूस अलगद खाली कसा उतरावा, हाच त्याचा आयुष्यभराचा ध्यास दिसतो. आमच्या दादांच्या पाठीवर किती भार येतो, हे मात्र त्याच्या गणितात बसलेलं नव्हतं. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. असं गणित त्या काळी कुणीच मांडत नसे.

‘लाइट’ या शब्दाचा अर्थ आमच्याकडे पुष्कळांनी दिवा असा लावला. तो हलकी या अर्थानं आहे. हलकी रेल्वे. दादांना हे मी मोठा झाल्यावर सांगितलं, तेव्हा मात्र ते खरोखर हसले.

१९०६ मध्ये लाइन पंढरपूरला गेली. वारकऱ्यांची सोय झाली आणि कंपनीला वारीचं उत्पन्न मिळालं. १९०७ मध्ये दुसरं टोक तडवळ्यापर्यंत आलं. १९११ मध्ये ते लातूरला पोचलं. आमचे दादा त्याच साली जन्मले, असं घरात सांगत. पुढं १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत रूळ गेले आणि मिरज ते लातूर अशी सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची लाइन पुरी झाली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि लातूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. म्हणजे ही चिमुकली गाडी दोन राज्यांमधून धावत होती. बार्शीत इंग्रजी कलदार रुपया चाले, लातुरात निजामाचा हाली सिक्का. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. निजामाच्या हद्दीत येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. तिचे कागद उर्दूत. अडत्याची वही मोडीत किंवा मराठीत, आणि रेल्वेची पावती इंग्रजीत. एक पोतं लातूरहून मुंबईला निघालं, की त्याच्या मागं तीन लिप्या निघायच्या. पोतं उचलणाऱ्याला मात्र यातली एकही वाचता येत नव्हती.

लातूर आधीही व्यापाराचं गाव होतं. लोकमान्य टिळकांनी भागीदारीत इथं सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना घातला होता, तोही रेल्वे येण्याच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. पण रेल्वे आली आणि गावाचा नकाशाच बदलला. फैयाजुद्दीन या नगररचनाकारानं नव्या पेठेचा आराखडा केला आणि १९१७ मध्ये गंजगोलाई उभी राहिली. मधोमध गोल इमारत, आत जगदंबेचं मंदिर आणि चारी बाजूंना फुटलेले सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्याला आपापला बाजार. सराफा वेगळा, कापड वेगळं, गूळ-मिरची वेगळी. आज लातूरची तूरडाळ आणि सोयाबीन देशभर भाव ठरवतात, त्या पेठेचा पाया असा घातला गेला. रेल्वे आल्यानंतर सहा वर्षांत गोलाई झाली, हा नुसता योगायोग नाही. माल बाहेर जायला वाट झाली, म्हणून माल आत येऊ लागला.

काय काय जायचं या गाडीनं? अब्बांच्या तोंडी ही यादी पाढ्यासारखी होती. जाताना रुईच्या गाठी, सरकी, भुईमूग, करडई, ज्वारी, तूर, गुळाच्या ढेपा. येताना मीठ, रॉकेलचे डबे, कापडाच्या गाठी, साखर, लोखंड, पत्रे. आमच्या गावात कुणाच्या घरावर पहिल्यांदा पत्रा आला, तर तो याच गाडीतून आलेला असणार.

आणि आता वजन. शंभर किलोचं पोतं. हमालाच्या हातात लोखंडी आकडा, पाठीवर बारदान्याची खोळ. दोघं पोतं उचलून पाठीवर देत आणि तिसरा वाकून चालू लागे. धक्क्यावरून वाघिणीत टाकलेल्या फळीवरून वर जायचं. फळी दबते, पुन्हा उसळते, तिच्या तालात पाय टाकावा लागतो. पावसात फळी निसरडी होते. एका छोट्या वाघिणीत शंभर-सव्वाशे पोती थपीनं लावायची. वाघीण वेळेत भरली नाही, तर व्यापाऱ्याला डॅमरेज बसे आणि ते शेवटी हमालाच्या बोलाचालीत निघे.

मोजणीची एक रीत मला फार आवडायची. आमच्याकडे धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. दादा मोजायला लागले, की ‘लाभ’च्या जागी ‘बरकत’ म्हणायचे. बरकत, दोन, तीन, चार. त्यांच्या टोळीत एक लिंगायत आप्पा होते. ते मोजणार असतील तर लाभ, दादा मोजणार असतील तर बरकत. दोनपासून पुढं हिशेब सारखाच.

पण लातूरला वाघीण भरली म्हणजे काम संपलं असं नाही. खरी मेख कुर्डुवाडीला होती. मुंबईकडे जाणाऱ्या मालासाठी तिथं आमची अडीच फुटी लाइन संपायची आणि साडेपाच फुटी सुरू व्हायची. छोटी वाघीण मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून कुर्डुवाडीला धक्क्याच्या एका बाजूला छोटी गाडी, दुसऱ्या बाजूला मोठी. मधून माणसं. लातूरचं प्रत्येक पोतं तिथं पुन्हा पाठीवर चढायचं, आणि मुंबईचं मिठाचं पोतं उलट्या बाजूनं उतरायचं. एका पोत्याचा प्रवास बघा. खळ्यातून गाडीवर, गाडीवरून अडतीत, अडतीतून धक्क्यावर, धक्क्यावरून छोट्या वाघिणीत, छोटीतून मोठीत, मुंबईला मोठीतून खाली. सहा ठिकाणी माणसाची पाठ. कंपनीनं रूळ हलके टाकून जे वाचवलं, त्यातलं काही कुर्डुवाडीच्या हमालांनी रोज आपल्या खांद्यावर भरून दिलं. दादांच्या मानेखाली लिंबाएवढी गाठ होती. लहानपणी मला वाटायचं, म्हातारपणी सगळ्यांनाच ती येते.

या लाइनच्या गोष्टीत १९४८ साल टाळता येत नाही. निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता. सीमेपलीकडे बार्शीच्या बाजूला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. अलीकडे रझाकारांचे अत्याचार चालले होते. त्यांनी आमच्या भागातल्या खेड्यांना जे भोगायला लावलं, ते झाकण्याचं काही कारण नाही. १३ सप्टेंबरला पोलीस अॅक्शन सुरू झाली, पाच दिवसांत निजाम शरण आला आणि मराठवाडा मुक्त झाला. तो आनंद आमचाही आहे, १७ सप्टेंबरला मीही झेंड्याला सलाम करतो. पण त्यानंतरच्या काही आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता, अशाही पुष्कळ गरीब मुसलमानांना त्याची किंमत मोजावी लागली. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वात जास्त झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा यांची नोंद केली आहे. तो अहवाल अनेक दशकं बंद राहिला आणि २०१३ मध्ये लोकांसमोर आला.

दादा त्या दिवसांबद्दल बोलत नसत. एकच गोष्ट त्यांनी सांगितली. ते बायकामुलांना घेऊन एका खेड्यात लपून राहिले होते. किती दिवस गेले, त्यांनी मोजले नाहीत. एका सकाळी आप्पा शोधत आले. दारात उभे राहून म्हणाले, ‘चल. वाघिणी लागल्यात. तुझा आकडा खुंटीलाच हाय, कुणाला हात लावू दिला नाही.’ दादा त्यांच्या मागोमाग चालत धक्क्यावर गेले. त्या दिवशी पहिलं पोतं कुणी उचललं, हे मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘आप्पा गिने. बरकत बोलके गिने.’ त्या दिवशी मोजणी आप्पांनी केली, आणि पहिल्या पोत्याला ते ‘बरकत’ म्हणाले.

इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला जागा नाही, असू नये असंही नाही.

पुढं १ जानेवारी १९५४ ला सरकारनं लंडनच्या कंपनीकडून ही लाइन ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. बार्शी आणि लातूर यांच्यामधली सीमा गेली, करोडगिरी गेली, हाली सिक्काही गेला. अडथळा राहिला फक्त कुर्डुवाडीचा, आणि तोच लाइनला भोवला. रस्ते सुधारले, तसे ट्रक आले. ट्रक अडतीच्या दारातून माल उचलतो आणि थेट मुंबईच्या गोदामाच्या दारात टाकतो. मध्ये कुर्डुवाडी नाही, वाघिणीची वाट बघणं नाही, पोती फुटणं नाही. अब्बा सांगत, आधी गुळाच्या ढेपा गेल्या, कारण त्या उतरचढीत फुटायच्या. मग धान्य गेलं. हुंडेकऱ्याच्या पेढीवर ट्रकवाल्यांचे एजंट येऊन बसू लागले आणि काही वर्षांनी अब्बाही ट्रकच्याच बिल्ट्या लिहू लागले. अक्षर तेच, वरचं छापील नाव तेवढं बदललं.

हमालांसाठी १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. देशाला दिशा दाखवणारा कायदा होता तो. पण तोवर दादांची पाठ वाकून गेली होती. धक्क्यावर एवढी वर्षं काम केल्याचा एक चिटोराही त्यांच्याजवळ नव्हता. ते रेल्वेचे नोकर नव्हते, व्यापाऱ्याचेही नव्हते. एका कचेरीत अब्बा त्यांना घेऊन गेले, तेव्हा पुरावा काय म्हणून विचारलं. दादांनी सदऱ्याची गुंडी काढून मानेखालची गाठ दाखवली. बाबूनं मान खाली घातली आणि पुढचा अर्ज घेतला.

मला कळू लागलं तेव्हा मालगाड्या तुरळक झाल्या होत्या आणि लोकांच्या मनात राहिली ती बसायची गाडी. तीही खरीच होती, तिच्यावर माझंही प्रेम होतं. येडशीच्या घाटात, रामलिंगाच्या झाडीत ती धापा टाकत चढायची, तेव्हा खिडकीतून हात काढला तर पानं हाताला लागत. आषाढीला डब्यांच्या टपावर माणसं असत. पण दादा मला स्टेशनावर फिरायला न्यायचे ते गाडी बघायला नाही. रिकाम्या धक्क्यावर जाऊन ते बसत आणि जमिनीवर सांडलेले दाणे टिपणाऱ्या चिमण्यांकडे बघत. चिमण्याही कमी होत चालल्या होत्या.

पुढं नोकरीसाठी मी नांदेडला आलो आणि आपल्या मराठवाड्याची एक गंमत लक्षात आली. नांदेडची रेल्वे निजामाच्या काळातली, मनमाडहून हैदराबादला जाणारी, १९०० च्या सुमाराची. ती मीटर गेज. उदगीर, लातूर रोडवरून जाणारी लाइन ब्रॉडगेज. लातूरची आमची नॅरोगेज. एवढ्याशा मुलखात तीन रुंदीचे रूळ, आणि एकमेकांना मिळत नव्हते ते नव्हतेच. ‘लातूर रोड’ स्टेशनच्या नावात लातूर, पण ते लातूरपासून तीसेक किलोमीटर दूर. माझ्या लहानपणी लातूरहून नांदेडला जायचं तर एसटीला पर्याय नव्हता. आजही आपण लातूर-नांदेडकर कचेऱ्यांवरून आणि गाड्यांवरून भांडत असतो. मला कधी कधी वाटतं, या भांडणामागं ते न जुळलेले रूळही असतील. नांदेडचा व्यापार हैदराबादकडे बघत वाढला, लातूरचा बार्शी-मुंबईकडे. शेजारी असून आमची तोंडं दोन दिशांना.

१९९२ मध्ये देशभर एकाच रुंदीचे रूळ करायचा कार्यक्रम रेल्वेनं हाती घेतला. आमची पाळी यायला वेळ लागला. टप्प्याटप्प्यानं छोटी लाइन बंद झाली. २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत मोठी लाइन सुरू झाली. त्या निमित्तानं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, पहिल्यांदा रेल्वेच्या नकाशावर आलं. छोटी लाइन त्या गावाला टाळूनच गेली होती. लातूरचं गावातलं जुनं स्टेशन गेलं, नवं बाहेरच्या बाजूला झालं.

मी छोटी गाडी परत आणा म्हणणाऱ्यांपैकी नाही. संध्याकाळी-रात्री लातुरात बसावं आणि सकाळी मुंबईत उतरावं, हे सुख आमच्या आजोबांना नव्हतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलांची शिक्षणं आणि रुग्णांचे उपचार त्या रात्रीच्या गाडीवर झाले. लातूरला आता रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे, तिथला पहिला सांगाडा २०२० च्या डिसेंबरात तयार झाला. ज्या गावानं दुसऱ्यांच्या डब्यांत पोती भरली, त्या गावात डबे बनतात, याचा मला आनंद आहे. माझं म्हणणं एवढंच, की छोट्या गाडीची इंजिनं लोकांनी जपली, फोटो जपले, विनोद जपले. ज्यांनी ती भरली आणि रिकामी केली, त्यांचं काय जपलं?

म्हणून एक विनंती आहे. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज भागातल्या जुन्या अडतींत, पेढ्यांत, माळ्यावरच्या ट्रंकांत अजून जुन्या बिल्ट्या, करोडगिरीच्या पावत्या, हमालीच्या वह्या पडलेल्या असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नका. जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला दाखवा. घरात कुणी धक्क्यावर काम केलेला म्हातारा असेल, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा. गाडीबद्दल विचारू नका, वजनाबद्दल विचारा.

शेवटी २०१६ ची आठवण सांगतो. त्या साली मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात नळाला पाणी नव्हतं. घागरींच्या रांगांवर भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. तेव्हा सरकारनं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं ठरवलं. राजस्थानातल्या कोट्याहून टाकीच्या वाघिणी स्वच्छ करून आणल्या. कृष्णेचं पाणी त्यांत भरलं आणि ११ एप्रिलला गाडी निघाली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. बघा, बार्शी लाइटचीच वाट! रूळ नवे, रुंदी नवी, काही ठिकाणी वळणं नवी, पण वाट तीच. आणि कुर्डुवाडीला उतरचढ नाही. ती असती, तर हे पाणी येऊच शकलं नसतं. १२ तारखेच्या पहाटे दहा वाघिणी लातूरला पोचल्या. जवळपास पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या आणि पावसाळा नीट लागेपर्यंत येत राहिल्या.

मी त्या आठवड्यात लातूरला घरी होतो. अब्बांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. रात्री झोपले नाहीत. पहाटे म्हणाले, ‘मला गाडी बघायची आहे.’ गर्दी होती, पोलीस होते, कॅमेरे होते. आम्हाला जवळ जाता आलं नाही. लांबूनच एका मोकळ्या जागेत उभे राहिलो. शंभर वर्षं या वाटेनं आमच्या रानातला माल बाहेर गेला होता. आज पाणी माल होऊन आमच्याकडे येत होतं.

अंधारात वाघिणी सरकताना दिसू लागल्या. अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात मोजायला सुरुवात केली.

‘बरकत. दोन. तीन. चार...’

दहापर्यंत मोजून ते थांबले. मग म्हणाले, ‘चल, घागर रांगेत लावायची आहे.’